अश्वमैत्रीचीं पुस्तकें



घोडा आपल्या रोजच्या व्यवहारांतून जवळजवळ नाहींसा झाला आहे. परंतु आपल्या भाषेंतून मात्र तो अद्याप गेलेला नाहीं. एखाद्या कामांत अडचण आली म्हणजे 'येथेंच घोडें पेंड खातें' असें आपण म्हणतों. वेळ टळून गेल्यावर केलेल्या उपायास 'वरातीमागून घोडें' म्हणतों, आणि फार बोलणाऱ्यास जिभेला लगाम घालण्याचा उपदेश करतों. हे शब्द वापरणाऱ्यांपैकीं कितीजणांनीं प्रत्यक्ष घोड्याच्या तोंडांत लगाम घातला असेल? मुंबईच्या समुद्रकांठानें हौशी उतारूंना फिरविणाऱ्या व्हिक्टोरिया गाड्या देखील उच्च न्यायालयानें २०१५ सालीं बेकायदेशीर ठरविल्या. आणि शहरांतल्या मुलाला घोडा दिसावयाचा तो आतां वरातींत, शर्यतीच्या मैदानावर, नाहीं तर माथेरानसारख्या थंड हवेच्या ठिकाणीं.

ग्रंथांच्या जगांत मात्र नेमका उलटा प्रकार आहे. ज्या काळांत यंत्रानें घोड्याला रस्त्यावरून, शेतांतून आणि रणांगणावरून हुसकून लावलें, त्याच काळांत घोडा आणि त्याचा माणूस यांच्या स्नेहाचीं पुस्तकें एकामागून एक निघालीं. आणि ज्यांनीं जन्मांत घोड्याच्या मानेवर हात ठेवला नाहीं अशा असंख्य वाचकांनीं तीं डोळ्यांत पाणी आणून वाचलीं. याचें कारण काय असावें? नुसत्या प्राणिप्रेमानें याचा उलगडा होत नाहीं. कुत्रा आपण होऊन माणसाच्या दाराशीं आला असें म्हणतात. मांजर तर घरांत राहूनहि कोणाचेंच होत नाहीं. घोड्याची गोष्ट निराळी आहे. तो माणसापेक्षां कितीतरी पटींनीं बळकट. मनांत आणील तर एका लाथेसरशीं धन्याला लोळवील. तरीहि तो त्याचें ओझें वाहतो आणि त्याच्या इशाऱ्यासरशीं तोफांच्या धुरांत शिरतो. संकट दिसतांच पळून जाणें हें घोड्याचें निसर्गदत्त शस्त्र. लगाम घालून आपण नेमकें तेंच काढून घेतलेलें असतें. म्हणून या दोघांच्या संबंधाला मैत्री म्हटलें तरी ती बरोबरीच्यांची मैत्री नव्हे. एकाच्या हातीं लगाम आहे, आणि दुसऱ्याच्या तोंडांत. ज्याला बोलतां येत नाहीं आणि जो सर्वस्वीं आपल्या ताब्यांत आहे, त्याच्याशीं माणसानें कसें वागावें, हा या पुस्तकांतला खरा प्रश्न आहे. कांहीं निवडक ग्रंथांनीं त्याला कोणतीं उत्तरें दिलीं तें आज आपण पाहूं.

घोड्यावरील ग्रंथलेखन फार प्राचीन आहे. आजच्या तुर्कस्थानांत बोगाझकोय येथें हित्ती लोकांच्या राजधानीचे अवशेष आहेत. तेथें मातीच्या पाट्यांवर कोरलेला एक ग्रंथ सांपडला. त्याचा कर्ता किक्कुली नांवाचा, मितन्नी देशाचा अश्वशिक्षक. काळ इसवी सनापूर्वीं सुमारें चौदावें शतक. रथाच्या घोड्यांना कोणत्या दिवशीं किती दौडवावें, केव्हां पाणी पाजावें, चंदी किती द्यावी, अंग केव्हां धुवावें, याचा दिवसवार कार्यक्रम त्यांत दिला आहे. मराठी माणसाला कौतुक वाटावें अशी एक गोष्ट त्यांत आहे. घोड्याच्या फेऱ्या सांगतांना त्यांत 'ऐक', 'तेर', 'पंझ', 'सत्त', 'नव' असे शब्द येतात आणि त्यांना जोडून 'वर्तन्न' हा शब्द येतो. आपले एक, तीन, पांच, सात, नऊ आणि संस्कृतांतील 'वर्तन' म्हणजे फिरणें, यांच्याशीं त्यांचें नातें उघड दिसतें. भाषाशास्त्रज्ञांनीं या थोड्याशा शब्दांचा मोठा कीस काढला आहे. परंतु आपल्या दृष्टीनें पाहतां या ग्रंथांत घोड्याचें शरीर आहे, मन नाहीं.

घोड्याच्या मनाची दखल घेणारा ग्रंथ त्यानंतर सुमारें हजार वर्षांनीं ग्रीसमध्यें लिहिला गेला. त्याचा लेखक झेनोफन हा सॉक्रेटिसाचा शिष्य आणि पेशानें शिपाई. आपल्या अश्वविद्येवरील पुस्तकांत तो सांगतो कीं घोड्याजवळ रागाच्या भरांत कधींहि जाऊं नये. कारण रागाला पुढचें दिसत नाहीं आणि मागाहून पस्तावण्याची पाळी येते. शिंगराची भूक-तहान माणसाच्या हातून भागावी, म्हणजे माणूस दूर गेला तर त्याला चुकल्यासारखें वाटेल. ज्या जागीं घोड्याला स्वतः खाजवतां येत नाहीं तेथें त्याला हात लावावा. घोडा एखादी वस्तु पाहून बुजला तर त्याला मारूं नये. आपण स्वतः त्या वस्तूला हात लावून दाखवावा आणि त्याला हळूहळू तिच्याजवळ न्यावें. मार दिल्यास त्याची भीति दुप्पट होते, कारण ती वस्तु आणि मार या दोहोंची गांठ त्याच्या मनांत कायमची बसते. झेनोफनचें सर्वांत मार्मिक म्हणणें असें कीं जबरदस्तीनें करून घेतलेल्या गोष्टींत घोड्याला समज नसते आणि पाहणाराला सौंदर्य दिसत नाहीं. नर्तकाला चाबकानें झोडपून नाचवावें तसाच तो प्रकार होतो. हें लिहिणारा मनुष्य दयाळू साधु नव्हता. ज्याचा जीव घोड्याच्या भरंवशावर टांगलेला असतो असा तो स्वार होता. म्हणूनच त्याच्या शब्दाला वजन आहे.

आपल्या देशांत अश्वविद्येचा मूळपुरुष म्हणून शालिहोत्राचें नांव घेतलें जातें. तें इतकें रूढ झालें कीं घोड्याच्या वैद्याला हिंदुस्थानी भाषेंत 'सलोतरी' हेंच नांव पडलें. नकुलाच्या नांवावर अश्वचिकित्सेचा ग्रंथ आहे, जयदत्ताचें 'अश्ववैद्यक' आहे. परंतु घोडा आणि माणूस यांच्या स्नेहाचें चित्र पाहावयाचें तर शास्त्र सोडून काव्याकडे वळलें पाहिजे. आणि योगायोग असा कीं त्या कवीचें नांवच अश्वघोष आहे. त्याच्या 'बुद्धचरितां'त राजपुत्र सिद्धार्थ रात्रीं कंथक घोड्यावर बसून राजवाडा सोडतो. पहाटे तपोवनाशीं पोंचल्यावर तो खालीं उतरतो आणि घोड्याला परत पाठवूं लागतो. तेव्हां कंथक त्याचे पाय चाटतो, त्याच्या डोळ्यांतून ऊन आसवें गळतात, आणि राजपुत्र त्याला थोपटून मित्राप्रमाणें समजावतो. पुढें कवीनें एकच लहानशी गोष्ट सांगितली आहे, पण ती मनांतून जात नाहीं: जी वाट सारथी छंदकानें त्या घोड्यासह एका रात्रींत काटली होती तीच परततांना त्याला आठ दिवस पुरली. घोडा तोच आणि वाटहि तीच. पाठीवरचा स्वार तेवढा नव्हता.

आतां एकदम एकोणिसाव्या शतकाच्या इंग्लंडांत येऊं; कारण या विषयावरील सर्वांत प्रसिद्ध पुस्तक तेथलें आहे. तें म्हणजे अॅना सूएल या बाईंचें 'ब्लॅक ब्यूटी'. अॅनाचा जन्म १८२० सालचा, क्वेकर पंथाच्या कुटुंबांतला. चौदा वर्षांची असतां शाळेंतून घरीं येतांना ती घसरून पडली, पायांचे घोटे दुखावले, आणि पुढें जन्मभर तिला धड चालतां आलें नाहीं. कोठें जावयाचें झालें तर घोड्याच्या गाडीवांचून गति नव्हती. घोड्याचे पाय हेच तिचे पाय झाले, असें म्हटलें तरी चालेल. १८७१ च्या सुमारास प्रकृति अगदींच खालावल्यावर नॉर्विचजवळच्या घरीं कोचावर पडल्या पडल्या तिनें हें पुस्तक लिहावयास घेतलें. अंगांत ताकद असेल त्या दिवशीं ती चिठोऱ्यांवर लिही. नसेल त्या दिवशीं मजकूर सांगे, आणि म्हातारी आई तो स्वच्छ उतरून काढी. असें करतां करतां सहा वर्षें गेलीं. १८७७ च्या नोव्हेंबरांत पुस्तक बाहेर पडलें आणि १८७८ च्या एप्रिलांत अॅना वारली. तिच्या हातून झालेलें हें एकच पुस्तक.

आज तें मुलांचें पुस्तक समजलें जातें. पण अॅनानें तें मुलांसाठीं लिहिलें नव्हतें. मोतद्दार, गाडीवान आणि घोडे बाळगणारी मंडळी हे तिचे अपेक्षित वाचक. कथा घोड्यानें स्वतःच्या तोंडानें सांगितली आहे, आणि लेखिकेनें मुखपृष्ठावर आपण केवळ अश्वभाषेंतून भाषांतर करणारी आहों असा आव आणला आहे. ही युक्ति वरवर पाहतां बालिश वाटते, परंतु तिच्यांत मोठें सामर्थ्य आहे. त्या काळीं श्रीमंतांच्या गाड्यांच्या घोड्यांना मान वर ओढून धरणारा एक पट्टा बांधीत. घोडा ऐटबाज दिसावा एवढाच त्याचा हेतु. चढावर गाडी ओढतांना घोड्याला मान खालीं घालून सारा भार पुढें टाकावा लागतो. तो पट्टा तें करूं देत नसे. मान अवघडे, श्वास कोंडे. गाडीतल्या बाईसाहेबांना बाहेरून फक्त डौल दिसे. पट्ट्याच्या आंत काय होतें हें सांगावयाला आंतला साक्षीदारच पाहिजे होता. अॅनानें त्या साक्षीदाराला वाचा दिली. या पट्ट्याविरुद्ध इंग्लंडांत अगोदरपासून लेखन आणि चळवळ चालू होती. परंतु 'ब्लॅक ब्यूटी'नें ती चळवळ घरोघर पोंचविली. १८९० सालीं अमेरिकेंतील भूतदयावादी मंडळींनीं हें पुस्तक छापून गाडीवानांच्या आणि शाळांतील मुलांच्या हातीं दिलें.

या पुस्तकाची खरी थोरवी मात्र आणखी एका गोष्टींत आहे. त्यांत दुष्ट माणसें फार थोडीं आहेत. जो ग्रीन नांवाचा पोरगा दौडून घामाघूम झालेल्या घोड्याला गार पाणी पाजतो आणि त्याच्या अंगावर घोंगडी घालीत नाहीं. घोडा मरतां मरतां वांचतो. पोराच्या मनांत दुष्टपणा मुळींच नव्हता; त्याला माहिती नव्हती इतकेंच. पण मुक्या प्राण्याला अज्ञानाची किंमत दुष्टपणाइतकीच मोजावी लागते, हें लेखिका बजावून सांगते. पुढें लंडनच्या भाडोत्री गाडीवाल्यांत एकजण असा भेटतो कीं त्याला गाडी आणि दोन घोडे यांसाठीं मालकाला दररोज अठरा शिलिंग भरावे लागतात. तेवढे सुटेपर्यंत त्याच्या पोटाला कांहीं नाहीं. असा मनुष्य घोड्याला चाबूक मारणार नाहीं तर करील काय? थोड्याच दिवसांत तो गाडीवान स्वतःच खोकून खोकून मरतो. घोड्याच्या पाठीवरचा वळ शोधीत शोधीत मागें गेलें तर तो चाबकापाशीं थांबत नाहीं, मालकाच्या हिशेबवहीपर्यंत जाऊन पोंचतो, हें अॅना सूएलनें भाषण न करतां दाखविलें. आणि शेवटीं म्हाताऱ्या ब्लॅक ब्यूटीला ओळखून त्याला सुखाचा आसरा देणारा तरणाबांड मोतद्दार कोण? तोच जो ग्रीन. अज्ञान ही सुधारतां येण्यासारखी गोष्ट आहे, हा या पुस्तकांतला आशेचा किरण आहे.

घोड्याच्या तोंडून सांगितलेली दुसरी थोर कथा टॉलस्टॉयची. तिचें नांव 'खोल्स्टोमेर'. म्हणजे कापड मोजणारा. हात पसरून कापड मोजावें तशी लांब टांग टाकणारा, म्हणून त्या घोड्याला हें नांव पडलें. टॉलस्टॉयनें ही कथा १८६० नंतरच्या दोनतीन वर्षांत लिहावयास घेतली, पण ती प्रसिद्ध झाली १८८६ सालीं. खोल्स्टोमेर उत्तम रक्ताचा, पण अंगानें कबरा. तेवढ्यासाठीं लोक त्याला हिणवितात आणि खच्ची करतात. म्हातारपणीं कळपांतले तरणे घोडे त्याची टर उडवितात, तेव्हां तो रात्रीमागून रात्र त्यांना आपली हकीकत सांगतो. त्या हकीकतीचा गाभा म्हणजे 'माझें' या शब्दाचें त्याला वाटलेलें नवल. जो मनुष्य त्याला 'माझा घोडा' म्हणे तो त्याच्यावर कधीं बसला नाहीं; त्याला खाऊं घालणारा, खरारा करणारा निराळाच होता, आणि त्याला 'माझा' म्हणण्याचा अधिकार नव्हता.

मराठी वाचकाला हा विचार परका वाटूं नये. आपल्या इतिहासांत शिलेदार आणि बारगीर हा भेद प्रसिद्धच आहे. शिलेदाराचा घोडा स्वतःचा. बारगीर बसे तो सरकारी पागेच्या घोड्यावर. पगार, मान, दर्जा, सारें या भेदावर अवलंबून असे. घोड्याला मात्र आपण कोणाच्या दप्तरांत लिहिलेले आहों याचा पत्ता नसे. त्याला ठाऊक असे तें फक्त पाठीवरचें वजन आणि चंदी देणारा हात. टॉलस्टॉयच्या कथेंत हा भेद फार निष्ठुरपणें उघडा होतो. ज्या देखण्या सरदारानें आपल्या पळून गेलेल्या प्रेयसीला गांठण्यासाठीं खोल्स्टोमेरला जिवाबाहेर दौडवून त्याची कायमची नासाडी केली, तोच सरदार पुढें कफल्लक होऊन त्या गांवीं येतो. घोडा त्याला ओळखतो आणि खिंकाळतो. सरदार घोड्याला ओळखत नाहीं. मेल्यावर घोड्याचें मांस लांडगीच्या पिलांच्या पोटीं जातें, हाडें एका शेतकऱ्याच्या कामीं येतात; सरदाराचें प्रेत मात्र कोणाच्याहि उपयोगीं पडत नाहीं. माणसाच्या चालीरीति घोड्याच्या डोळ्यांनीं पाहिल्या कीं त्या किती चमत्कारिक दिसतात, याचा हा नमुना. १९१७ सालीं श्क्लोव्हस्की या रशियन टीकाकारानें, परिचित वस्तूला अपरिचित करून दाखविणें हें कलेचें कार्य आहे असा सिद्धांत मांडला तेव्हां याच कथेचें उदाहरण घेतलें.

त्याच १८८६ सालीं चेकॉव्हची एक चारपांच पानांची गोष्ट छापली गेली. पीटर्सबर्गमध्यें बर्फ पडत आहे. योना नांवाच्या म्हाताऱ्या गाडीवानाचा तरुण मुलगा त्याच आठवड्यांत वारला आहे. जो जो उतारू गाडींत बसतो त्याला तो हें सांगूं पाहतो. लष्करी अंमलदाराला घाई असते, टवाळ पोरांना हंसूं येतें, बरोबरचा गाडीवान घोंगडी ओढून झोंपीं जातो. अखेर तो तबेल्यांत जातो आणि कडबा चघळीत उभ्या असलेल्या आपल्या घोडीला सारें सांगूं लागतो. घोडी खाते, ऐकते आणि त्याच्या हातांवर श्वास सोडते. गोष्ट तेथेंच संपते. इतर पुस्तकांत माणसानें घोड्याचें ऐकावें अशी अपेक्षा असते. येथें माणसाचें ऐकणारें माणूस उरलेलें नाहीं म्हणून घोडीला ऐकावें लागतें.

परंतु घोडी खरोखर ऐकते काय? शंकेखोर वाचक म्हणेल कीं हा सगळा कवींचा खेळ आहे. घोड्याला माणसाच्या सुखदुःखाचें काय कळतें? येथेंच घोडें पेंड खातें. या शंकेला उत्तर देणारी एक हकीकत शास्त्राच्या इतिहासांत आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं बर्लिन येथें फॉन ऑस्टेन नांवाचे एक निवृत्त शिक्षक राहत. त्यांचा हान्स नांवाचा घोडा बेरीज-वजाबाकी करतो, अशी सर्वत्र ख्याति झाली होती. प्रश्न विचारला कीं उत्तर येईल तितक्या वेळां तो खूर आपटी. १९०४ सालीं तज्ज्ञांच्या मंडळानें तपासणी केली. त्यांना लबाडी आढळली नाहीं. पुढें ऑस्कर फुंग्स्ट यानें शांतपणें प्रयोग केले आणि १९०७ सालीं त्यांवर ग्रंथ लिहिला. विचारणाऱ्याला स्वतःला उत्तर ठाऊक नसलें तर हान्सहि चुके. विचारणारा दिसेनासा केला तरीहि चुके. रहस्य असें होतें कीं बरोबर आंकडा येतांच विचारणाऱ्याचें डोकें नकळत किंचित् वर होई, आणि तेवढी हालचाल पाहून घोडा थांबे. लोक म्हणाले, घोड्याची फजिती झाली. वास्तविक पाहतां ही घोड्याची परीक्षा उतरली असेंच म्हणावयास पाहिजे. त्याला गणित येत नव्हतें. पण शेजारच्या माणसांना न दिसलेली, खुद्द त्या माणसालाहि न कळलेली हालचाल त्याला वाचतां येत होती.

अलीकडच्या प्रयोगांनीं या गोष्टीला पुष्टि मिळाली आहे. इंग्लंडांतील ससेक्स विद्यापीठांतल्या संशोधकांनीं २०१६ सालीं घोड्यांना माणसांच्या चेहऱ्यांचीं मोठीं छायाचित्रें दाखविलीं. रागीट चेहरा पाहतांच घोड्यांच्या काळजाचे ठोके हंसऱ्या चेहऱ्यापेक्षां लवकर वाढले. कळपांत राहून श्वापदांपासून जीव वांचविणाऱ्या प्राण्याला दुसऱ्याच्या अंगाची थरथर ओळखतां आलीच पाहिजे. तेव्हां चेकॉव्हची घोडी योनाच्या मुलाचें नांव समजली नसेल. परंतु त्याच्या हातांचा कंप तिला समजला असणें मुळींच अशक्य नाहीं. झेनोफननें राग घेऊन घोड्याजवळ जाऊं नये असें कां सांगितलें, हेंहि आतां ध्यानांत येईल.

माणसाची बाजू मात्र नेहमीं इतकी भरंवशाची नसते. स्टाइनबेक या अमेरिकन लेखकाच्या 'द रेड पोनी' या १९३७ सालच्या पुस्तकांत जॉडी नांवाच्या मुलाला त्याचे वडील एक तांबडें तट्टू आणून देतात. शेतावरचा गडी बिली बक हा घोड्यांचा मोठा जाणकार. त्याच्या शब्दावर मुलाचा देवासारखा विश्वास. आज पाऊस पडणार नाहीं, तट्टू बाहेर राहूं दे, असें बिली सांगतो. पाऊस पडतो. तट्टू भिजतें, आजारी पडतें, आणि बिलीनें सारी विद्या पणाला लावूनहि मरतें. हें पुस्तक मुलांना वाचावयास देतांना आईबापांना धास्ती वाटते, आणि ती रास्तहि आहे. पण मोठ्या माणसाचें वचन खोटें पडूं शकतें, आणि त्याची भरपाई दुसऱ्याच एका जिवाला करावी लागते, हें सत्य इतक्या साधेपणानें सांगणारीं पुस्तकें थोडीं.

शेवटीं युद्धासंबंधीं. मायकेल मॉर्पर्गो या इंग्रज लेखकानें १९८२ सालीं 'वॉर हॉर्स' हें पुस्तक लिहिलें. २००७ सालीं त्याचें नाटक झालें आणि २०११ सालीं चित्रपट. जोई नांवाचा घोडा शेतकऱ्याच्या मुलाचा लाडका. बाप पैशाच्या अडचणीमुळें त्याला लष्कराला विकतो. पहिल्या महायुद्धांत जोई कधीं इंग्रजांकडे तर कधीं जर्मनांकडे राबतो. त्याला शत्रु असा कोणी नसतोच. युद्ध संपल्यावर त्याचा लिलाव होतो आणि एक फ्रेंच म्हातारा त्याला घेऊन मूळच्या मुलाला अवघ्या एका पेनीला देऊन टाकतो. कादंबरींतला घोडा घरीं परत येतो. इतिहासांतले बहुतेक घोडे आले नाहींत. ईजिप्तमध्यें ब्रिटिश लष्करानें आपले पुष्कळ घोडे युद्धानंतर तेथेंच विकून टाकले. डोरोथी ब्रुक नांवाच्या इंग्रज बाई १९३० सालीं कैरोला गेल्या, तेव्हां त्यांना त्यांतले कांहीं म्हातारे घोडे दगडांच्या गाड्या ओढीत असलेले आढळले. १९३१ सालीं त्यांनीं एका लंडनच्या वर्तमानपत्रांत पत्र लिहून मदत मागितली आणि पुढें सुमारें पांच हजार घोडे विकत घेतले. बहुतेक इतके जीर्ण झालेले कीं त्यांना कांहीं दिवस विश्रांति, पोटभर चारा आणि नंतर वेदनारहित मरण यापलीकडे कांहीं देतां येत नव्हतें. १९३४ सालीं त्यांनीं कैरोंत प्राण्यांचें रुग्णालय काढलें. त्यांच्या नांवाची संस्था आज भारतांतहि कष्टकरी घोड्यागाढवांसाठीं काम करते. त्यांची रोजनिशी पुढें पुस्तकरूपानें निघाली. ती कादंबरीपेक्षां कमी रंजक असेल, पण ताकद संपलेल्या सेवकाचें आपण काय देणें लागतों या प्रश्नाला तिच्याइतकें रोकडें उत्तर मीं दुसऱ्या पुस्तकांत वाचलें नाहीं.

तर मग घरांतल्या मुलामुलींच्या हातीं यांतलें काय द्यावें? घोडा माणसासारखा फार बोलतो कीं थोडा, हें महत्त्वाचें नाहीं. पुस्तकांतल्या माणसाला घोड्यासाठीं कांहीं सोडावें लागतें कीं नाहीं, तें पाहावें. ज्या पुस्तकांत घोडा जिंकतो, नायकाला बक्षीस मिळतें आणि घोड्याला टाळ्यांपलीकडे कांहीं मिळत नाहीं, तें पुस्तक शर्यतीचें आहे, मैत्रीचें नव्हे. मार्गरेट हेन्री या अमेरिकन लेखिकेच्या १९४७ सालच्या 'मिस्टी ऑफ चिंकोटीग' या पुस्तकांत दोन मुलें काबाडकष्ट करून पैसे जमवितात आणि एका बेटावरची रानटी घोडी व तिचें शिंगरूं विकत घेतात. मुलगा घोडीला माणसाळवितो, तिच्यावर बसून शर्यतहि जिंकतो. परंतु तिचा जीव समुद्रापलीकडच्या बेटाकडे ओढ घेतो आहे हें कळल्यावर तो तिच्या तोंडांतला लगाम काढतो आणि तिला जाऊं देतो. शिंगरूं मागें राहतें, घोडी पोहत जाते.

आपल्या घरांतून घोडा गेला. पण ज्यांच्या तोंडांत शब्द नाहींत आणि ज्यांचें सुखदुःख आपल्या हातीं आहे असे जीव गेले नाहींत. तान्हें मूल आहे, अंथरुणाला खिळलेलें वृद्ध माणूस आहे, दाराशीं कामाला येणारें आणि तोंड उघडावयास भिणारें माणूस आहे. त्यांचा पट्टा कोठें काचतो आहे हें आपल्याला बाहेरून दिसत नाहीं. तें पाहण्याची संवय लागावी यासाठीं, घोडा कधीं न पाहिलेल्या माणसानेंहि यांपैकीं एखादें पुस्तक अवश्य वाचावें.